एकच गिटार, गाणी मात्र सगळी

घरात इलेक्ट्रिक गिटारचा विषय निघाला की तीन प्रश्न येतात. आई विचारते, "दोन महिन्यांनी कपाटावर तर जाणार नाही ना?" बाबा विचारतात, "कितीला पडते?" आणि ज्याला गिटार हवी असते तो विचारतो, "कोणती घेऊ?" खरं तर तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट सापडलं की पहिले दोन आपोआप सुटतात. जी गिटार घरातल्या सगळ्यांच्या आवडीची गाणी वाजवू देते, ती कपाटावर जात नाही. आणि वर्षभरात दुसरी घ्यायची वेळही येत नाही.

आमच्या जबलपूरसारख्या शहरात हा प्रश्न जास्तच खरा आहे. इथल्या मराठी घरांत गाणं म्हणजे एकाच प्रकारचं गाणं नसतं. गणपतीतल्या कार्यक्रमाची यादीच डोळ्यांसमोर आणा. सुरुवातीला अभंग, मग कुणा काकूंचं भावगीत, मुलांचं कोळीगीत, आर. डी. बर्मनची दोन हिंदी गाणी आणि शेवटी कॉलेजच्या मुलांचं रॉक. गिटार वाजवणारा बहुतेक वेळा एकच असतो आणि त्याच्याकडे गिटारही एकच असते. दर गाण्याला वाद्य बदलणं ऑर्केस्ट्रावाल्यांना जमतं, आपल्याला नाही. म्हणून या वेळी आपल्या सदरात बोलूया अनेक प्रकारची गाणी पेलणाऱ्या एकाच इलेक्ट्रिक गिटारबद्दल.

एक वाद्य, अनेक रंग

"एकाच माणसाने इतके प्रकार कशाला वाजवायचे?" असं वाटत असेल तर दोन नावं आठवा. भूपिंदर सिंग आपल्याला गझलेचा खर्जातला आवाज म्हणून माहीत आहेत. पण १९७१च्या 'हरे रामा हरे कृष्णा'मधल्या 'दम मारो दम'ची ती झिंग आणणारी गिटारही त्यांचीच. दुसरं नाव एहसान नूरानी. शंकर-एहसान-लॉय या त्रिकुटातले हे गिटारवादक. याच त्रिकुटाने २००८ साली 'रॉक ऑन'चं संगीत दिलं आणि २०१५ साली 'कट्यार काळजात घुसली' या मराठी चित्रपटाचंही. फेंडर या अमेरिकन कंपनीने एहसान यांच्या नावाची स्ट्रॅटोकास्टर गिटारही काढली. रॉकपासून नाट्यसंगीतापर्यंतचा प्रवास एका त्रिकुटाला जमतो, तर आपल्या गिटारने अभंगापासून रॉकपर्यंत यायला काय हरकत आहे?

आवाज येतो कुठून?

साध्या गिटारचा आवाज तिच्या पोकळ पेटीतून येतो. इलेक्ट्रिक गिटारचं अंग बहुधा भरीव लाकडाचं असतं. तिचा आवाज घडतो पिकअपमध्ये. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो, तो वायरमधून अ‍ॅम्पमध्ये जातो आणि मोठा होऊन स्पीकरमधून बाहेर पडतो. म्हणूनच या गिटारला नायलॉनच्या तारा चालत नाहीत. रंग आणि आकार पाहून भुलण्याआधी पिकअप कोणते आहेत ते पाहायचं, ते याचमुळे.

पिकअपची दोन घराणी

आपल्या गायकीत घराणी असतात, तशी इथेही आहेत. मुख्य दोन.

पहिलं सिंगल कॉइल. एकच गुंडाळी. आवाज स्वच्छ, टोकदार, घुंगरासारखा मोकळा. १९५४ साली आलेल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरवर असे तीन पिकअप असतात. भावगीतातले हलके सूर, फिल्मी गाण्यातला ठेका, फंक, ब्लूज यांसाठी उत्तम. दोष एकच, आजूबाजूच्या विजेची घरघर ते उचलतात.

दुसरं हंबकर. शेजारी शेजारी दोन गुंडाळ्या, अशा जोडलेल्या की बाहेरची घरघर एकमेकींत विरून जाते. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ साली ते तयार केलं आणि १९५७पासून लेस पॉल गिटारवर बसू लागलं. आवाज जाड, भरदार आणि ताणून धरणारा. रॉक आणि मेटलसाठी हेच, आणि मानेजवळचं हंबकर जॅझसाठीही छान.

एकच गिटार घ्यायची असेल तर दोन्ही घराण्यांची गाठ घालणारी घ्या. दुकानात तिला एचएसएस म्हणतात. ब्रिजजवळ, म्हणजे तारा जिथे अंगाला बांधलेल्या असतात तिथे, एक हंबकर आणि पुढे दोन सिंगल कॉइल. काही गिटारींवर टोनचं बटण वर ओढलं की हंबकरची एक गुंडाळी बंद होते आणि त्याचाही सिंगल कॉइल होतो. याला कॉइल स्प्लिट म्हणतात. यामाहा पॅसिफिका ११२व्ही या मॉडेलवर ही सोय आहे. स्क्वायर, आयबानेझ, कोर्ट यांच्याकडेही एचएसएस गिटारी मिळतात.

पाच खटके आणि गणपतीची यादी

एचएसएस गिटारवर साधारण पाच जागांचा स्विच असतो. आपली यादी त्यावर बसवून पाहूया.

• अभंग आणि भावगीत : मानेकडचा पिकअप, टोनचं बटण निम्म्यावर. आवाज गोल आणि मऊ होतो, गाणाऱ्याच्या अंगावर येत नाही.

• कोळीगीत : मधला पिकअप. तळहाताची कड तारांवर टेकवून तुटक वाजवा, ढोलकीला जागा राहते.

• आर. डी. बर्मनची गाणी : मान आणि मधला, दोन्ही एकत्र. यातून थोडा पोकळ, चटपटीत आवाज येतो. ठेक्याची कॉर्ड यात खुलते.

• रॉक : ब्रिजजवळचा हंबकर आणि अ‍ॅम्पवर डिस्टॉर्शन.

• जॅझ किंवा गझल : पुन्हा मानेकडे, टोन आणखी कमी, अ‍ॅम्प अगदी स्वच्छ.

व्हॉल्यूमच्या बटणाकडे मात्र बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. डिस्टॉर्शन चालू असतानाही व्हॉल्यूम थोडा खाली घेतला की आवाज निवळतो. एकाच गाण्यात कडवं शांत आणि ध्रुवपद दणदणीत हवं असेल, तर करंगळीने हे बटण फिरवायला शिका. त्यासाठी वेगळं यंत्र घ्यावं लागत नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. साध्या गिटारचा तो खुळखुळता, पेटीतून येणारा आवाज इलेक्ट्रिक गिटार हुबेहूब देत नाही. घरात जुनी साधी गिटार असेल तर विकू नका.

मींड, पट्टी आणि ब्रिज

आपल्या गाण्यात सूर सरळ उडी मारत नाही, घसरत जातो. गिटारवर ही मींड तार बोटाने ओढून काढतात. त्यासाठी तारा फार जाड नकोत. ९-४२चा संच नवशिक्यांना सोपा जातो, बोटं तयार झाली की १०-४६ घ्या. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात तारेची जाडी सांगतात. मानेची लांबीही पाहा. स्ट्रॅटोकास्टर पद्धतीच्या गिटारवर तार २५.५ इंच लांब असते, लेस पॉल पद्धतीत सुमारे २४.७५ इंच. लांबी कमी तसा ताण कमी, त्यामुळे तार ओढायला हलकी. हात लहान असेल तर हा फरक बोटांना लगेच कळतो.

आता पट्टी. आपल्याकडे गाणारे "काळी एक" किंवा "काळी चार" सांगून मोकळे होतात आणि गिटारवाला गोंधळतो. घाबरायचं कारण नाही. पहिल्या पडद्यावर कॅपो लावा आणि 'सी'च्या कॉर्ड धरा, काळी एक मिळते. तिथेच 'जी'च्या कॉर्ड धरल्या की काळी चार. म्हणून गिटारबरोबर कॅपो घ्याच.

याच कारणासाठी ब्रिज साधा असू द्या. फ्लॉइड रोझ नावाचा, तारा कुलूपबंद करणारा ब्रिज दिसायला रुबाबदार असतो. पण एक तार उतरवली की बाकीच्यांचेही सूर हलतात. कार्यक्रमात ऐन वेळी पट्टी बदलली तर घाम फुटतो. स्थिर ब्रिज किंवा साधा ट्रेमोलो आपल्या कामाला पुरेसा आहे.

दुकानात गेल्यावर

स्वतःला वाजवता येत नसेल तर वाजवणाऱ्या ओळखीच्या माणसाला बरोबर न्या. या पाच गोष्टी मात्र कुणालाही तपासता येतात.

• मानेच्या दोन्ही कडांवरून हात फिरवा. पडद्यांची टोकं बोचायला नकोत.

• सर्वांत जाड तार पहिल्या पडद्यावर दाबा आणि मान अंगाला मिळते तिथेही दाबा. मध्ये सातव्या-आठव्या पडद्यापाशी कागदाएवढी फट दिसली तर मान ठीक. बोट शिरेल एवढी फट असेल तर नको.

• प्रत्येक तारेवर प्रत्येक पडदा दाबून वाजवा. खरखर कुठे येते ते ऐका.

• बाराव्या पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा सूर आणि तिथेच दाबून निघणारा सूर ट्यूनर अ‍ॅपवर तपासा. दोन्ही एकच यायला हवेत.

• अ‍ॅम्पला जोडून सगळी बटणं आणि स्विच फिरवा. कडकड आवाज आला तर दुसरा नग मागा.

बसून वाजवा, मग पट्टा लावून उभं राहूनही वाजवा. गिटार साधारण तीन ते चार किलोंची असते. तासभर खांद्यावर घ्यायची आहे हे लक्षात ठेवा.

मनासारखा नमुना शहरात मिळाला नाही तर दोन वाटा आहेत. नागपूर रस्त्याने पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, नातेवाईकांकडे जाणं होतच असेल तर तिथे पाहा. ऑनलाइन मागवत असाल तर परत करण्याचे नियम आधी वाचा आणि खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा.

पैशांची वाटणी

किमती सतत बदलतात, म्हणून आकड्यापेक्षा वाटणी सांगते. शंभर रुपये असतील तर साठ गिटारला, पंचवीस अ‍ॅम्पला आणि पंधरा वायर, पिशवी, पट्टा, कॅपो, जादा तारा आणि जाणकाराकडून सेटिंग करून घेण्यासाठी. सगळे पैसे गिटारवर घालून अ‍ॅम्प "पुढे बघू" म्हणणं महागात पडतं. चांगली गिटार भिकार अ‍ॅम्पवर भिकारच वाजते. घरासाठी दहा-वीस वॉटचा अ‍ॅम्प भरपूर झाला. हेडफोनची सोय असलेला घ्या, म्हणजे रात्री अकराला क्वार्टरच्या भिंतीपलीकडच्या काकांची झोपमोड होणार नाही.

वीज आणि आमच्याकडची हवा

अ‍ॅम्प तीन पिनांच्या आणि नीट अर्थिंग असलेल्या सॉकेटलाच लावा. जुन्या घरात अर्थिंग आधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर लगेच वाजवणं थांबवा. घरघर फार येत असेल तर ट्यूबलाइट आणि पंख्याचा रेग्युलेटर बंद करून पाहा, अनेकदा चोर तिथेच सापडतो.

जबलपूरला मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि जुलैत भिंतींना ओल येते. लाकूड दोन्ही वेळा हलतं. उन्हाळ्यात कूलरच्या झोतासमोर गिटार ठेवू नका, तो ओलसर वारा थेट लाकडात आणि तारांत शिरतो. पावसाळ्यात ओल्या भिंतीवर टांगू नका. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि वाजवून झालं की कोरड्या फडक्याने तारा पुसा. ऋतू बदलल्यावर तारा उंच वाटल्या किंवा खरखरू लागल्या तर मानेतल्या लोखंडी सळईचा, म्हणजे ट्रस रॉडचा ताण बदलावा लागतो. पहिल्यांदा ते जाणकाराकडूनच करून घ्या आणि शेजारी उभं राहून पाहून ठेवा. चावी एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवायची नसते.

शेवटी आईच्या प्रश्नाचं उत्तर

खरेदीला निघण्याआधी घरातल्या प्रत्येकाकडून आवडीचं एक गाणं कागदावर लिहून घ्या. आजीचा अभंग, बाबांचं किशोरकुमारचं गाणं, धाकटीचं इंग्रजी गाणं, सगळं. दुकानात त्या यादीतली निदान तीन गाणी, दोन-दोन ओळी का होईना, वाजवून बघा किंवा बरोबर आलेल्याला वाजवायला सांगा. तिन्ही गाण्यांत जी गिटार शोभेल, ती घ्या. घरी आणल्यावर पहिलं गाणं आजीचं बसवा. ज्या वाद्यावर घरातलं प्रत्येक जण आपली फर्माईश करतं, त्याला कपाटावर ठेवायला कुणी देत नाही.