चालत्या घराचे कापड कोण शिवणार?

झोपण्याची, स्वयंपाकाची आणि संडास-न्हाणीची सोय असलेल्या गाडीला कॅराव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली तिच्यासाठी वेगळे पर्यटन धोरण आणले. हे श्रीमंतांचे चोचले, आपल्या धंद्याशी त्यांचा काय संबंध, असे आमचे व्यापारी बांधव म्हणतील. संबंध आहे, आणि तो थेट कापडाशी आहे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघे भाऊ घरच्या मंडळींसह अशी गाडी भाड्याने घेऊन सहा दिवस फिरलो. भिवंडीहून पनवेल, ६६ नंबरच्या महामार्गाने खाली उतरून दापोली, दाभोळ. दाभोळला गाडी फेरीबोटीत चढवली, पलीकडे धोपाव्याला उतरलो. मग गुहागर, रत्नागिरी, आंबा घाटाने कोल्हापूर आणि परतताना वाईहून पसरणी घाट चढून पाचगणी. बायका-मुलांची सोय उत्तम झाली. रस्त्यात हॉटेल शोधा, स्वच्छ न्हाणीघर शोधा, ही कटकट नव्हती; आपल्या हातचे जेवण आपल्याच चुलीवर. पण कापडवाल्याची नजर जिथे जायची तिथेच जाते.

सीटवर जाड मखमली पॉलिस्टर होते. गुहागरला समुद्राची दमट हवा लागताच दुसऱ्या सकाळी त्याला कुबट वास येऊ लागला. खोळ काढून धुवावी म्हटले तर चेन नाही, सगळे खिळ्यांनी ठोकलेले. पडद्यांचे लोखंडी हूक खाऱ्या हवेने गंजले आणि कापडावर तांबूस डाग पडले. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवर. तिथे रात्री काचेवर आतून पाणी जमले, पडद्याची कड ओली झाली, आणि दिलेल्या नायलॉनच्या ब्लँकेटने कोणाची थंडी गेली नाही. गाडीचे इंजिन, बॅटरी, नळ सगळे ठाकठीक. बिघडले होते ते फक्त आपले खाते.

आम्ही टेप काढून मोजमाप घेतले. गाद्या, सीट, पडदे, चादरी, उशांचे अभ्रे मिळून चाळीस मीटरच्या आसपास कापड लागते. कापड थोडे, पण शिलाई पुष्कळ. गाडीतली एकही गादी चौकोनी नसते; एखादा कोपरा चाकाच्या उंचवट्यापाशी कापलेला असतो. इथे तयार माल चालत नाही, कारागीरच लागतो. आणि असा कारागीर आपल्या मोहल्ल्यात बसून आहे. पिंजारी बांधवांचे हुन्नर फोमच्या गादीने मागे टाकले. आज त्यांची मुले पिंजण सोडून रिक्षा चालवतात. घाटातल्या थंडीला कापसाची पातळ, डोरे घातलेली रजई जे काम करील ते नायलॉन करणार नाही. तिला वेगळी सुती खोळ द्या, म्हणजे प्रवाशागणिक धुता येईल.

आमचे म्हणणे एवढेच की भिवंडी-मालेगावचा माणूस ग्रे कापड मीटरच्या भावाने विकतो, पैशा-पैशासाठी दलालाशी हुज्जत घालतो, आणि खरा नफा रंगाई, कटाई, शिलाई करणारा घेऊन जातो. लूम आपले, वीजबिल आपले, बरकत दुसऱ्याची. हे किती वर्षे चालायचे?

मात्र कोणी लगेच कर्ज काढून कारखाना टाकू नये. अशा गाड्या अजून थोड्या आहेत. त्याच रस्त्यावर कोकणात न्याहारी-निवासाची घरे गावोगाव आहेत. त्यांनाही दमट हवेत लवकर सुकणारी चादर आणि टॉवेल हवा असतो. टेम्पो ट्रॅव्हलर आणि रुग्णवाहिका यांच्या सीटही फाटतात. काम तेच, हात तेच. कॅराव्हॅन त्यातले एक गिऱ्हाईक समजावे.

दोन गोष्टी सांभाळाव्या लागतील. गाडीच्या आतले कापड झटकन पेट घेणारे चालत नाही. त्यासाठी आयएस १५०६१ हे भारतीय मानक आहे. गाडीत चूल असल्यावर त्यात हयगय नको. प्रयोगशाळेचा कागद हातात असल्याशिवाय बॉडी बिल्डरकडे जाऊच नये. दुसरे, रंग उन्हात टिकला पाहिजे. काचेआडचा पडदा दिवसभर तापतो. कच्चा रंग एका उन्हाळ्यात उडतो, आणि त्याबरोबर पुढची ऑर्डरही.

हूक पितळी किंवा स्टेनलेसचे घ्यावेत, चेन प्लॅस्टिकची. मजुरी कापडापासून वेगळी लावावी, बिलात वेगळी लिहावी. निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय कात्री लावू नये. मापाने कापलेला माल परत आला तर दुसऱ्या कोणाच्या कामाचा नाही. पर्यटकांची गर्दी दिवाळीपासून सुरू होते, म्हणून गाडीमालक दुरुस्तीची कामे पावसाळ्यात काढतात. नमुने त्याआधी, मे महिन्यातच तयार पाहिजेत.