नव्याचा सण आणि माझे पेढे

मैत्रिणींनो, एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांच्या मुलीनं बेने इस्रायल मुलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलंय. नव्याच्या सणाला ती प्रथमच सासरी निघाली आहे, तर बरोबर काय पाठवावं, असं त्या विचारतात. ताई, काहीही पाठवा, पण पेढे नकोत! का ते सांगते.

माझं सासर अलिबागकडचं. लग्नाला सासूबाई आल्या नव्हत्या. चार महिन्यांनी 'नव्याच्या सणाला या' एवढाच निरोप आला. नव्याचा सण म्हणजे रोश हशाना, यहुदी वर्षाचा आरंभ. अमावास्येला धरून येतो, म्हणून पुष्कळदा आपल्या घटस्थापनेच्या आसपासच. माहेरी घट बसायचे आणि मी इकडे! धाकधूक तर होतीच. किलोभर पेढे घेतले, नवी साडी नेसले आणि निघाले.

सासूबाईंनी पुडा घेतला, उघडून पाहिला आणि काही न बोलता फडताळात वर ठेवून दिला. रात्री प्रार्थना झाली, सफरचंदाच्या फोडी मधात बुडवून सगळ्यांना दिल्या, मग मटणाचं जेवण. पेढ्यांचं नाव नाही! माझ्या घशाखाली घास उतरेना. हे आपले मजेत जेवताहेत. (पुरुषांना अशा वेळी काही दिसत नाही, तुम्हाला ठाऊक आहेच.)

भांडी आवरताना नणंदेला विचारलं, तर ती हसायलाच लागली. "अगं वहिनी, मटणावर दूध चालत नाही आपल्यात!" मांस आणि दूध एका जेवणात खायचं नाही, हा त्यांचा धर्मनियम. आमच्या बिऱ्हाडी मी शाकाहारीच रांधते, त्यामुळे तो प्रसंगच आला नव्हता. आणि मग आठवलं, माझ्या ताटात मटण नव्हतंच. वालाचं बिरडं होतं, वेगळ्या पातेल्यातलं. सोललेले वाल! रुसण्याच्या नादात मी ते नीट चाखलंही नव्हतं.

सणाचा हलवासुद्धा याच कारणानं नारळाच्या दुधातला. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून, गाळून चीक काढायचा. वरची निवळी ओतून द्यायची. नारळाचं घट्ट दूध आणि साखर घालून मंद आचेवर ढवळत राहायचं. हात थांबला की गुठळ्या झाल्याच. कडा सोडू लागला की ताटात थापून वर बदाम-पिस्ते. सणात कामधाम वर्ज्य, म्हणून आधीच करून ठेवतात. हल्ली कॉर्नफ्लॉवर वापरतात. सासूबाईंना ते पटत नाही, आणि चव घेतल्यावर मलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर पेढे निघाले. शेजारणीला देताना सासूबाई म्हणाल्या, "सूनबाईनं आणलेत." मग मीही पदर डोक्यावर घेऊन त्यांच्याबरोबर प्रार्थनालयात गेले, शोफार ऐकला.

ताई, एक गोष्ट मात्र मुलीशी आधीच बोला. यहुदी परंपरेत मूल आईच्या धर्माचं मानतात. त्या दोन दिवसांत तो विषय कुणी काढला नाही, पण सासूबाईंच्या मनात तो होता, हे मला कळत होतं. आमच्या घरी त्याचा निकाल अजून लागलेला नाही.

बाकी, डाळिंबं पाठवा, मध पाठवा. वल्हांडणाला गेली तर बिस्किटं नि केकही नकोत. त्या आठ दिवसांत घरात खमिराचं काही ठेवत नाहीत. आणि तिला बिरडं आवडत असेल, तर तसं खुशाल सांगू दे.