संध्याकाळी आवडला तर घ्या

दुकानात कागदाच्या पट्टीवर परफ्यूम मारून देतात, आपण हुंगतो आणि पाच मिनिटांत पैसे देऊन बाहेर पडतो. मसालेदार, लाकडी वासाच्या पुरुषी परफ्यूमच्या बाबतीत ही घाई महागात पडते. त्या पाच मिनिटांत जो वास आवडतो, तो दुपारपर्यंत राहतच नाही.

कारण सोपं आहे. संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन १७६ अंश सेल्सिअसला उकळतं, लवंगेतलं युजेनॉल २५४ अंशांना आणि चंदनातलं सँटॅलॉल ३०० च्या आसपास. अंगाच्या उबेने ती उकळत नाहीत, पण साधारण याच क्रमाने उडून जातात. म्हणून पहिली १०-१५ मिनिटं अल्कोहोलचा भपका, संत्र्याची साल, वेलदोडा, मिरी. मग लवंग, दालचिनी, जायफळ वर येतात. घरात गोडा मसाला भाजत असल्यासारखी ऊब वाटते. तीन-चार तासांनी चंदन, देवदार, वाळा एवढंच उरतं, तेही मनगट नाकाशी नेलं तरच.

आपल्या हैदराबादेत चारमिनारजवळ मिळणाऱ्या अत्तरांची चाल वेगळी. जुन्या पद्धतीचं अत्तर चंदनाच्या तेलात उतरवतात, त्यात अल्कोहोल नसतं. त्यामुळे सुरुवातीचा भपका नाही. ते हळूच सुरू होतं आणि बराच वेळ अंगालगत राहतं.

त्वचेचाही यात वाटा असतो. कोरड्या त्वचेवर वास लवकर विरतो, तेलकट त्वचेवर जास्त टिकतो. माझ्या पुतण्याने पहिल्या पगारातून बाबांसाठी चार हजारांची बाटली पाहून ठेवली होती. त्याच्या हातावर ती मस्त खुलत होती. मी म्हटलं, "अरे, लावणार तुझे बाबा, मग परीक्षा तुझ्या मनगटावर कशाला?" मग त्याने दुकानातून सॅम्पलची छोटी कुपी आणली. दादाने आंघोळीनंतर लावली आणि लगेच म्हणाला, "फार तिखट आहे रे!" पुतण्याचा चेहराच उतरला. दुपारी जेवताना दादा काही बोलला नाही. चार वाजता चहा घेताना मात्र स्वतःच मनगट हुंगत बसला होता. "आपल्या देवघरातल्या सहाणेसारखा वास येतोय," म्हणाला. दुसऱ्या दिवशी बाटली घरात आली.

तुम्हीही घेणार असाल तर पट्टीवर हुंगून निवड दोनांवर आणा. एका मनगटावर एकच लावा, चोळू नका. लवंग-दालचिनीतले घटक काहींच्या त्वचेला सोसत नाहीत. खाज सुटली किंवा लाली आली तर लगेच धुवून टाका. आपलं नाक स्वतःच्या वासाला सरावतं, म्हणून चार तासांनी घरातल्या कुणाला तरी विचारा. आणि ज्याच्यासाठी घेताय, त्याच्याच हातावर एक दिवस राहू द्या.