पदयात्रा स्वस्त, पण कोणाच्या जिवावर?



"पायी जायला काय पैसे लागतात?" आमच्या चाळीसगावात दर चैत्रात हा प्रश्न कानावर पडतो. विचारणारा बहुधा पुरुष असतो. बाईला विचाराल तर ती बोटांवर मोजून सांगेल. फक्त तिला कोणी विचारत नाही.

रामनवमीपासून चैत्री पौर्णिमेपर्यंत सप्तशृंगी गडावर उत्सव असतो. खानदेश हे देवीचं माहेर मानलं जातं. म्हणून जळगाव-धुळ्याकडची माणसं या दिवसांत झेंडे घेऊन पायी गडाकडे निघतात. चाळीसगावहून मालेगाव, देवळा, कळवण, नांदुरी असा चार-पाच दिवसांचा रस्ता. कपाशी कधीच उलगून गेलेली, गहू-हरभरा घरात आलेला, मजुरीची कामं थंडावलेली. म्हणजे हाताला वेळ असतो, पण हातात पैसा नसतो. अशा वेळी पायी जाणं हीच गरिबाची यात्रा. मी ती तीनदा केली आहे, वस्तीतल्या बायकांबरोबर. त्या अनुभवावरूनच हे लिहिते आहे.

वर्गणी माणशी सारखीच असते, बाई असो की पुरुष. त्या पैशांत टेम्पोचं भाडं, किराणा, गॅस, झेंडे आणि सर्वांत आधी डीजे येतो. आता काम बघा. मुक्कामाला पोचलं की पुरुष पाय चोळत आडवे होतात, पत्त्यांचा डाव पडतो. तेवढंच अंतर चालून आलेल्या बायका परातीत पीठ घेऊन बसतात. पन्नास-साठ माणसांच्या भाकरी. पहाटे उन्हाच्या आधी निघायचं, म्हणून त्या तीनला उठून चहा ठेवतात. आचारी लावला असता तर वर्गणी किती वाढली असती? हा आकडा कुठल्याच वहीत नसतो, कारण बायकांच्या श्रमाला आपण 'सेवा' म्हणतो. सेवेला मजुरी नसते आणि नाहीही म्हणता येत नाही. यात्रा स्वस्त झाली ती या फुकटच्या श्रमावर.

घरून निघण्याआधीचं काम वेगळंच. दशम्या, चटण्या करायच्या, सासूच्या गोळ्या काढून ठेवायच्या, गुराढोरांचं कोणाला तरी सांगायचं, आणि एवढं करून 'जाऊ का?' म्हणून विचारायचं. पुरुष निघतो तेव्हा सांगून निघतो.

सर्वांत जास्त किंमत मोजतं ते शरीर. चैत्रात आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. अशा उन्हात बायका पाणी कमी पितात. कारण साधं आहे : रस्त्याला आडोसा नाही, संडास नाही. टेम्पोत डीजेला जागा असते, पण चार बांबू आणि गोणपाटाच्या आडोशाला नसते. पाणी न प्यायल्यानं भोवळ येते, लघवीला आग होते. बाई पडली की म्हणतात, अंगात आलं.

आणि पाळी. देवीच्या वाटेवर विटाळ नको म्हणून औषधाच्या दुकानातून पाळी लांबवायच्या गोळ्या आणल्या जातात, बहुतेकदा डॉक्टरला न विचारता. रक्ताच्या गुठळ्यांचा किंवा यकृताचा त्रास असलेल्या बाईला या गोळ्या धोक्याच्या असतात. हे तिला कोण सांगतं? देवी बाईच आहे ना? मग तिच्याकडे जाताना बाईच्याच शरीराची लाज का?

सरकारनं यात्रेकरूंसाठी काही केलंच नाही, असं मी म्हणत नाही. 2024 साली पंढरीच्या आषाढी वारीतल्या 1,500 दिंड्यांना प्रत्येकी 20,000 रुपये जाहीर झाले. त्याच वर्षी साठ वर्षांवरच्या नागरिकांसाठी तीर्थदर्शन योजना आली, माणशी 30,000 रुपयांपर्यंत. मार्च 2023पासून बायकांना एसटीत निम्मं तिकीट लागू झालं, त्यामुळे गडावरून परतताना आमचे चार पैसे वाचले. पण दिंडीला दिलेला पैसा दिंडीच्या चालकाच्या हाती जातो. त्यातून बायकांसाठी न्हाणीघर झालं की मंडपाला झालर लागली, हे विचारण्याचा अधिकार भाकरी थापणारीला कोणी दिला? आणि पस्तीस वर्षांची मजूर बाई कोणत्या योजनेत बसते?

आपल्याच काही कार्यकर्त्या म्हणतील, "बायकांना देवभोळेपणातून बाहेर काढायचं की त्यांच्या यात्रेची सोय लावायची?" मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. वर्षातून चार-पाच दिवस घराचा उंबरा ओलांडून, मैत्रिणींबरोबर मोठ्यानं हसत रस्त्यानं चालण्याची दुसरी कोणती संधी या बाईला आपण दिली आहे? 2016 साली उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायका चढल्या, तेव्हा त्यांच्या श्रद्धेची परीक्षा न घेता आपण त्यांच्या हक्काच्या बाजूनं उभ्या राहिलो. मग चौथऱ्यापर्यंतच्या रस्त्याचा हक्क वेगळा कसा? अमळनेरला शिकवलेल्या साने गुरुजींनी 1947 साली पंढरपूरचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं. दार उघडायलाही लढावं लागलं. संत मुक्ताबाईची पालखी आजही आमच्याच जिल्ह्यातल्या मुक्ताईनगरहून निघून महिनाभराहून जास्त चालत पंढरीला जाते. मुक्ताईचं नाव पालखीला चालतं, तर मुक्ताईच्या लेकींचं म्हणणं वर्गणीच्या बैठकीत का चालू नये?

म्हणून माझं म्हणणं असं आहे. वर्गणी देणाऱ्या बाईला हिशोबाची वही पाहता आली पाहिजे आणि खर्च ठरवणाऱ्या बैठकीत निम्म्या बायका हव्यात. स्वयंपाक पाळीपाळीनं, पुरुषांनीही करायचा. ज्याला तो जमत नाही त्यानं भांडी घासावीत. डीजेच्या आधी पाण्याची टाकी आणि आडोशाचं सामान टेम्पोत चढलं पाहिजे. पाळी आलेल्या बाईला मागे ठेवायचं नाही आणि गोळ्यांची सक्ती करायची नाही. वाटेवरच्या गावांत ग्रामसभेआधी महिला सभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे, आणि 2011पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. त्या बहिणींना आधीच पत्र टाकून शाळेचे संडास चैत्रातले आठ दिवस रात्री उघडे ठेवायला सांगता येईल. याला पैसा लागत नाही, एक किल्ली लागते.

आणि हे कोणी मानलं नाही, तर बचत गटांनी मिळून आपला वेगळा जथा काढावा. आपल्या वर्गणीतून, आपल्या वेगानं, आपल्या हिशोबानं. वर्गणीच्या बैठका माघ-फाल्गुनात होतात. आपली बैठक त्याआधी, संक्रांतीच्या हळदीकुंकवालाच घ्या. वाणाबरोबर प्रत्येकीला एक कोरी वही द्या आणि पहिल्या पानावर लिहायला सांगा : मागच्या वर्षी मी किती भाकरी थापल्या?