प्लेटलेट्स खरेच घटल्या का?

पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण वाढले की वॉर्डाबाहेर एकच प्रश्न ऐकू येतो, 'प्लेटलेट्स किती?' सकाळी २८ हजार आणि संध्याकाळी २४ हजार असा रिपोर्ट आला की नातेवाईक रक्तपेढीकडे धावतात, दात्यांसाठी व्हॉट्सॲपवर निरोप फिरू लागतात. हे चार हजार खरोखर कमी झाले की तो मोजणीतला फरक आहे, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

निरोगी माणसात प्लेटलेट्स साधारण दीड ते साडेचार लाख असतात. यंत्र रक्ताच्या थेंबाच्या अगदी लहान अंशातले कण मोजून हा आकडा काढते. कण भरपूर असतील तर थोडे इकडेतिकडे झाल्याने फारसे बिघडत नाही. मोजकेच असतील तर तेवढ्यानेही आकडा हलतो. म्हणजे ज्या पातळीवर घरच्यांचा जीव टांगणीला लागतो, नेमके तिथेच यंत्र कमी भरवशाचे ठरते. त्याच नळीतले रक्त पुन्हा तपासले, तरी २८ हजारांऐवजी २५ किंवा ३१ हजार येऊ शकतात.

चुकीची आणखीही कारणे आहेत. बरीच यंत्रे प्लेटलेट्स आकारावरून ओळखतात, त्यामुळे मोठ्या प्लेटलेट्स मोजणीतून सुटतात. शीर सापडायला वेळ लागला किंवा नळी नीट हलवली नाही, तर रक्ताची बारीक गुठळी होऊन आकडा खोटाच कमी येतो. काहींच्या रक्तात नळीतल्या 'ईडीटीए' या द्रव्यामुळे प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात. शंका आल्यास काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हाच उपाय.

म्हणून दोन रिपोर्टांच्या वजाबाकीपेक्षा कल पाहावा आणि तपासण्या शक्यतो एकाच लॅबमध्ये कराव्यात. ९० हजारांचे एका दिवसात ४० हजार झाले, तर नमुना ठीक असल्यास ती घट खरी मानावी. २८ हजारांचे २४ हजार झाले, तर तेवढ्यावरून काहीच ठरत नाही.

हा फरक न ओळखण्याची किंमत रुग्ण मोजतो. सिंगापूर आणि मलेशियातील रुग्णांवरचा एक अभ्यास २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. प्लेटलेट्स २० हजार किंवा त्याहून कमी, पण मोठा रक्तस्राव नाही, अशा प्रौढांना प्लेटलेट्स चढवल्याने रक्तस्राव टळला नाही. उलट दुष्परिणाम अधिक दिसले. रक्तस्राव नसेल तर १० हजारांच्या खाली गेल्यावरच प्लेटलेट्स देण्याचा विचार करावा, असे भारताची मार्गदर्शक तत्त्वेही सांगतात.

डेंग्यूतला मोठा धोका रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरण्याचा असतो, आणि तो बहुधा ताप उतरताना येतो. त्या वेळी रक्त घट्ट होऊन त्याच रिपोर्टमधला हिमॅटोक्रिट वाढतो. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, ग्लानी किंवा अस्वस्थता, लघवी कमी होणे यांपैकी काहीही दिसले, तर प्लेटलेट्स ८० हजार असल्या तरी रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे. आणि रुग्ण सावध असेल, पाणी-जेवण घेत असेल, लघवी नीट होत असेल, तर अचानक घसरलेल्या आकड्याने घाबरून न जाता त्याच दिवशी नवा नमुना देऊन खात्री करावी. तो आकडा चुकीचाच असेल असे मात्र गृहीत धरू नये.