मानधन की मोबदला?

वकिलाला शुल्क मिळते, गवंड्याला मजुरी. लेखकाला मात्र ‘मानधन’. घोळ या शब्दापासूनच सुरू होतो. मान मिळाल्यावर धनाविषयी विचारणे असभ्य ठरते.

का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. पुढे या अंकांची परंपरा रुजली आणि मराठी लेखकाचे आर्थिक वर्षही दिवाळीला बांधले गेले. हे अंक प्रामुख्याने जाहिरातींवर चालतात. मंदीत आधी जाहिराती आटतात, मग पाने आणि अखेर मानधन. २०२०च्या टाळेबंदीत हे ठळकपणे दिसले.

अशा वेळी मुक्त लेखनावर जगू पाहणाऱ्याने अधिक लिहावे, हा सल्ला अपुरा आहे. लेखकाचे खरे भांडवल लेख नव्हे, तर लेखावरील हक्क होय. छापून झालेला लेख पुढे संग्रहात, अनुवादात, श्राव्य पुस्तकात पुन्हा कमावू शकतो. स्वामित्वहक्क कायद्याच्या (१९५७) १९व्या कलमानुसार हक्कांचे हस्तांतर लेखीच व्हावे लागते; त्यात मुदत नमूद नसल्यास ती पाच वर्षांची मानली जाते. तरीही आपण चार ओळींचे पत्र मागायला संकोचतो आणि पुढे आलेल्या कागदावर ‘सर्व हक्क’ न वाचता देऊन टाकतो.

संपादकांच्या अडचणी खऱ्या आहेत. रक्कम कमी असेल तर असो. पण ती, तिची मुदत आणि हक्क आधी कागदावर यावेत. साहित्याच्या वर्गात आपण कवितेची ओळ न् ओळ उलगडून दाखवतो. एक तास करारनाम्यालाही द्यायला काय हरकत आहे?