आजीचे जाळीचे कपाट भंगारात देऊ नका!

घरोघरी फ्रीज आले आणि दूध-दही ठेवायचे जाळीचे कपाट अडगळीत गेले. दिवाळीची साफसफाई आली की 'काढून टाका ते!' असा सूर निघतो. माझं म्हणाल तर, विकण्याआधी ते एकदा सुताराला दाखवा. सागवानात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे वाळवी सहसा लागत नाही. पार्टिकल बोर्डचे नवे कपाट मात्र ओल धरली की फुगते. मग चांगले देऊन हलके कशाला घ्यायचे?

त्याचे पुस्तकांचे कपाट करा. जाळीतून हवा खेळती राहते. पुस्तके बाहेरूनच दिसतात, म्हणून मुलांचा हातही तिकडे जातो. फाटकी जाळी बदला, काचपेपर मारा, जवसाचे तेल लावा. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असू शकते. तो ओला करून, मास्क लावूनच घासा आणि मुलांना लांब ठेवा.

मापे घेणे मात्र मुलांकडेच द्या. कप्प्यात किती पुस्तके मावतील, हा गणिताचा तासच की! कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या का ठेवायचे, हे त्यांनी आजीलाच विचारावे. कपाट भंगारात गेले की विचारायचे निमित्तही जाते. बघा, पटतंय का!